थोरल्या काठीचं माप

काठीवरच्या पहिल्या खाचेपासून टोकापर्यंतचं अंतर दहा सेंटीमीटर असायला हवं होतं. ते सात पूर्णांक सहा भरलं.

वहिनीनं पोलादी पट्टी पदराला पुसली आणि पुन्हा लावली. सात पूर्णांक सहा. मग काठी फिरवून दुसऱ्या अंगानं मोजलं. टोक एका बाजूला जरा जास्त गेलं होतं, तिथं साडेसात; समोरच्या बाजूला सात पूर्णांक सात. कडा गोल झाल्या होत्या, वापरातल्या साबणाच्या वडीसारख्या. लाकडाचे तंतू फुटून पसरले होते आणि त्यांच्यात बारीक वाळू घट्ट बसली होती.

रंगाचा डबा शेजारी उघडा होता. पाटाला पाणी सुटायच्या आधी दर वर्षी थोरलीच्या खाचा रंगवायच्या, एक काळी, एक पांढरी, हे काम तिच्या नवऱ्याचं. तो सुतार. काठी घडवलीही त्यानंच. यंदा त्याच्याकडे शाळेच्या बारा दारांचं काम आलं, म्हणून ब्रश हिच्या हातात आला. तो आजवर सरळ खाचेत रंग भरत आला होता. हिनं भरायच्या आधी पट्टी लावली. चौदा वर्षं शाळेत विज्ञान शिकवल्यावर हाताला तसं वळण लागतं.

"अहो," ती म्हणाली, "हिची शेंबी कुठंय?"

रंधा थांबला नाही. "कुणाची?"

"थोरलीची. टोकाला लोखंडी शेंबी होती ना."

"पडली की ती."

"कधी?"

"झाली असतील चार वर्षं. पाटातच पडली. नाना म्हणाले, नवी बसव. मी म्हटलं, बसवतो." त्यानं रंध्यातला भुसा फुंकला. "राहून गेलं."

"कुणी आठवण नाही केली?"

"नानांनीच केली की दोनदा. मी दोनदा हो म्हटलं."

ती हसली नाही, तेव्हा त्यानं वर पाहिलं. तिनं पट्टी त्याच्या हातात दिली. त्यानं एकदाच मोजलं. सुताराला दुसऱ्यांदा मोजावं लागत नाही. तो फळीच्या थप्पीवर हळूच टेकला.

"मी शेंबीसकट दोन मीटर करून दिली होती," तो म्हणाला.

"आता एकशे सत्त्याण्णव पूर्णांक सहा आहे."

"म्हणजे तो पाटकरी..."

"हो."

बाहेर कुणाची तरी सायकल खडखडत गेली.

"कुणाला बोललीस?"

"तुम्हालाच."

"मग थांब जरा," तो म्हणाला. "आठ दिवस आहेत अजून."

आठ दिवसांनी पाटाला पाणी सुटणार होतं, आणि त्याच सकाळी पाटाच्या तोंडाशी माप मंडळाची उघडी बैठक होती.

मंडळ काढलं तिच्या सासऱ्यांनी. सगळा मुलूख त्यांना नाना म्हणायचा. ती मामंजी म्हणायची. आयुष्यभर त्यांनी टपाल वाटलं. कुठल्या घरी काय लिहून येतं आणि प्रत्यक्षात काय पोचतं, हे त्यांच्याइतकं कुणी पाहिलं नव्हतं. पंधरा वर्षांपूर्वी पाटबंधाऱ्याच्या कचेरीनं लेखी दिलं, की पाटाच्या तोंडाशी हंगामभर साठ सेंटीमीटर पाणी राहील. नानांनी तो कागद खिशात घातला, मुलाकडून दोन मीटरची काठी करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाटात उतरून उभे राहिले. पाणी एकेचाळीस भरलं. त्यांनी कचेरीला शिवी दिली नाही, मोर्चा नेला नाही. रोज सकाळी आकडा मोठ्यानं वाचला आणि चावडीच्या भिंतीवर खडूनं लिहिला. तेविसाव्या दिवशी साठ भरलं.

तिथून लोकांना चटक लागली. आता चाळीस गावांत मंडळाची माणसं होती. नव्या रस्त्याचा थर खिळा ठोकून मोजायची, शाळेच्या छताच्या तुळया मोजायची, दवाखान्याचं दार किती वाजता उघडलं ते टिपायची. नियम एकच. माप उघड्यावर घ्यायचं आणि आकडा ज्याचा त्याच्या तोंडावर वाचायचा. कुणी साहेब असो, सरपंच असो, नाहीतर आपला सख्खा मेव्हणा.

मंडळाची एक रीत नानांनीच पाडलेली. माप घ्यायच्या आधी काठी पाटाच्या दगडी तळावर तीनदा आपटायची. ठक, ठक, ठक. म्हणजे काठावरच्यांना कळावं, की आता बघा, मागाहून तक्रार नको. तो आवाज ऐकून बायका हातातली कामं टाकून काठावर यायच्या. हंगामाचे एकशे चाळीस दिवस, रोज तीन ठोके. शेंबी होती तोवर दगड झिजत होता. ती पडल्यावर काठी झिजू लागली.

पाटाच्या शेपटाशी दुसरी काठी होती. ती धाकटी. तिच्यावर वहिनीची हुकमत. ती काही आपटत नव्हती. काठी पाण्यात अलगद सोडायची, पाणी निवळू द्यायची, मग वाचायची. धाकटीची शेंबी अजून नव्यासारखी होती.

तोंडाशी साठ आणि शेपटाला पंचावन्न, असं वर्षानुवर्षं भरत आलेलं. मधले पाच मुरतात, उडतात, त्याला इलाज नाही. मग हे पाचाचे साडेपाच झाले. सहाच्या वर गेले. गेल्या वर्षी सात पूर्णांक चार. शेपटाकडच्या शेवटच्या अकरा शेतांना पाणी चढेना. गहू वीतभर वाढून तसाच पिवळा पडला. दोन्हींच्या मध्ये पाटावर एकच माणूस होता, मधली दारं उघडणारा आणि लावणारा पाटकरी. उघड्या बैठकीत नानांनी त्याला पुढं बोलावलं. वहिनीनं आकडे वाचले. तिचा आवाज शाळेत कमावलेला. मागच्या माणसापर्यंत स्पष्ट गेला. अडीच सेंटीमीटर पाणी मध्येच कुणी उचललं, याला दुसरं उत्तर कुणाला सुचलं नाही. हात वर झाले. कचेरीनं आठवड्यात त्याला काढलं.

तेव्हापासून त्याचं नाव अडीच पडलं.

ती दुपार वहिनीनं जुन्या वह्यांबरोबर काढली. पंधरा वह्या, सगळ्या तिच्याच हातच्या. तिनं कोऱ्या कागदावर दर वर्षाचा फरक एकाखाली एक लिहिला. पाच, पाच, पाच पूर्णांक एक, पाच. मग शेंबी पडली त्या वर्षापासून साडेपाच, सहा पूर्णांक दोन, सहा पूर्णांक आठ, सात पूर्णांक चार.

ती आकड्यांकडे बघत राहिली. चोरी अशी नसते. ज्याला पाणी चोरायचं तो पेरणीला जास्त उचलेल, कापणीला सोडून देईल. पाऊस बरा झाला त्या वर्षी विसरेल. दर वर्षी पाच ते सात मिलिमीटर, ना कमी ना जास्त, इतक्या नेमानं कुठला चोर चोरी करतो? हे आकडे गेल्या वर्षीही असेच होते, ह्याच वह्यांत, ह्याच शाईत. तिनं ते एकाखाली एक लिहिले नव्हते, एवढंच. तिच्या वर्गातल्या कुठल्याही मुलीनं असं केलं असतं, तर तिनं वही परत पाठवली असती.

दुसऱ्या दिवशी ती पाटबंधाऱ्याच्या कचेरीत गेली. खोलीला नवा निळा रंग होता आणि जुनी ओल त्यातून वर आली होती. पाटाच्या मुख्य दाराचं चाक फिरवणारा कारकून टेबलावर पाय पसरून बसला होता. तिला बघून त्यानं पाय खाली घेतले, पण सावकाश.

"या वहिनी. आज काय मोजायचं? खुर्ची मोजून घ्या, एक पाय कमी आहे तिला."

"तुम्ही चाक किती फिरवता, ते कसं ठरवता?" तिनं विचारलं.

"कसं म्हणजे? नाना पाटात उभे राहतात. साठ झाले म्हणून हात वर करतात. मी चाक थांबवतो."

"तुमची स्वतःची खूण नाही?"

"होती की, भिंतीवर. तुमच्या मंडळानंच ती खोटी ठरवली ना पंधरा वर्षांपूर्वी. साहेब म्हणाले, आता त्यांचीच काठी धरा, कटकट नको." तो हसला. "दोनदा म्हटलं होतं, काठी एकदा तपासून घेऊ. नाना म्हणाले, सरकारच्या हातात ही काठी जाणार नाही. मग राहिलं. का हो? काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि आयुष्यात फार थोड्या वेळा खोटं बोललेल्या माणसासारखी तिथून लवकर उठली.

बाहेर उन्हात ती जरा थांबली. कोडं सुटलं होतं आणि उत्तर ती समजत होती त्याहून वाईट होतं. पाणी मध्ये कुणी उचललंच नव्हतं. ते वरूनच कमी सुटत होतं. आणि ते कमी सोडायला कचेरीला भाग पाडलं होतं मंडळाच्याच काठीनं. चार वर्षं नाना साठ म्हणून हात वर करत होते आणि खरं पाणी दर वर्षी जरा खाली, शेवटी साडेसत्तावन्नावर येऊन थांबत होतं.

पाटकरी आता वीटभट्टीवर होता. ती गेली तेव्हा तो डोक्यावरून विटा उतरवत होता. एका खेपेला बारा. पाटावरचा माणूस तो, वीस वर्षं त्याचे पाय ओले राहिलेले. आता टाचांना भेगा होत्या आणि भेगांमध्ये तांबडी धूळ. बरोबरीचा एक गडी ओरडला, "अडीच, तुला बोलावणं आलंय, मंडळाकडून. विटा मोजायच्या असतील."

तो आला नाही. खेप पूर्ण केली, चुंबळ झटकली, मगच आला. तिला बस म्हणाला नाही. बसायला तिथं काही नव्हतंही.

तिनं सरळ सांगितलं. शेंबी, खाच, सात पूर्णांक सहा. तो ऐकत राहिला. मध्ये एकदा त्यानं हाताच्या बोटांत तेवढं अंतर धरून पाहिलं, तर्जनी आणि अंगठा, आणि त्या फटीतून भट्टीकडे बघितलं.

"एवढंसं," तो म्हणाला.

"एवढंसंच."

"मी तेव्हा म्हटलं होतं, काठी तपासा. आठवतं?"

"आठवतं."

"सगळे हसले होते. तुम्ही हसला नव्हता. तुम्ही वहीत बघत होता." त्यानं चुंबळ पुन्हा डोक्यावर ठेवली. "हसला असता तर बरं वाटलं असतं एक वेळ."

"काम परत मिळवून देऊ," ती म्हणाली. "कचेरीला लिहितो आम्ही."

"काम कुठंही मिळतं. पोरीच्या सासरी मला पाण्याचा तांब्या देताना हसतात, म्हणतात, पूर्ण भरलाय बघा. त्याचं काय लिहाल?" तो थांबला. त्याचा आवाज चढला नव्हता. "चिठ्ठ्या नकोत मला. जिथं उभं राहून म्हणालात, तिथंच उभं राहून म्हणा. तेवढ्याच मोठ्यानं."

"बैठकीला याल?"

"मी कशाला येऊ? एकदा आलो होतो की."

नानांना सांगायला तिला आणखी तीन दिवस लागले. रोज सकाळी ते जिभेवर यायचं आणि चहाबरोबर परत खाली जायचं. त्या तीन दिवसांत नवऱ्यानं नवी शेंबी घडवली. न सांगता घडवली आणि काठीशेजारी ठेवून दिली, जणू चार वर्षांचा उशीर शेंबीच्या चकाकीनं भरून निघणार होता.

चौथ्या दिवशी नाना अंगणात दाढी करत होते. आरसा खुंटीला, वाटीत साबण. वस्तरा गळ्याशी आला की हात थरथरायचा, म्हणून ते हल्ली गळा सुनेकडून करून घेत. तिनं वस्तरा घेतला, गळा साफ केला, वस्तरा धुऊन मिटला आणि मग सांगितलं. आधी सांगण्यात धोका होता.

गालावरचा साबण वाळून पांढरा पडला.

"किती म्हणालीस?"

"दोन पूर्णांक चार."

"पट्टी बरोबर आहे का तुझी?"

"तीन पट्ट्यांनी मोजलं, मामंजी."

"माझ्या ठोक्यांनी झिजली?"

"ठोक्यांनी. शेंबी नव्हती म्हणून."

नानांनी टॉवेलनं तोंड पुसलं. एका मिनिटात ते म्हातारे दिसायला लागले, पण बोलले ते जुन्याच आवाजात. "नवी शेंबी बसवायची. टोकाला तेवढा तुकडा जोडायचा. यंदा पाणी बरोबर सुटेल, शेपटाला पोचेल. प्रश्न मिटला."

"लोक म्हणतील, जुना पाटकरी गेला आणि पाणी आलं."

"म्हणू देत."

"म्हणजे तो कायमचा चोर ठरला."

"आणि मंडळ?" ते तिच्याकडे वळले. "साहेब पंधरा वर्षं ह्या एका दिवसाची वाट बघतोय. ह्यांचंच माप खोटं, म्हणायला मोकळा. चाळीस गावांत आपली माणसं खिळे घेऊन रस्त्यावर बसतात, त्यांना उद्या कोण विचारेल? एका माणसापायी?"

"मामंजी, तुम्ही मला ह्या घरात आणलंत तेव्हा म्हणाला होता, आमच्यात आकडा ज्याचा त्याच्या तोंडावर वाचतात."

"म्हणालो होतो."

"मग हा आकडा आपला आहे."

दाराशी उभा असलेला नवरा खाकरला. "चूक माझी आहे तशी. शेंबी मीच बसवली नाही. मी सांगतो हवं तर, सुतार गाढव आहे म्हणून. त्यावर कुणाचा वाद नसेल."

"तू गप," दोघं एकदमच म्हणाली, आणि त्यामुळं क्षणभर हवा जरा हलकी झाली.

नाना उठले. आरसा खुंटीवरून काढून त्यांनी पालथा ठेवला. "तीन वर्षं तुला सांगतोय, मंडळ हातात घे. तू दर बैठकीत म्हणतेस, पुढच्या वर्षी. तुला वही पुरते, शेपूट पुरतं. बरं आहे. पण मी डोक्यावर असेपर्यंत हे माझ्या तोंडून निघणार नाही. मला ते जमायचं नाही, पोरी. बोलायचं असेल तर तुझ्या नावावर मंडळ घे आणि मग बोल."

"बघू," ती म्हणाली.

शब्द सवयीनं निघून गेला. दोघांनीही तो ऐकला. नाना आत गेले.

त्या दिवशी ती शेपटापर्यंत चालत गेली. पाट कोरडा होता; तळातले दगड उन्हात पांढरे पडलेले, भेगांत गेल्या वर्षीचं शेवाळ पापुद्र्यासारखं सुटलेलं. शेवटच्या शेतात एक बाई ढेकळं फोडत होती. वहिनीला बघून तिनं कुदळ टेकवली. "यंदा पोचेल ना हो पाणी?" ती म्हणाली, "तो अडीच तर गेला आता."

"पोचेल," वहिनी म्हणाली. "पण तो नव्हता त्याला कारण."

"मग कोण होतं?"

"बैठकीला या. सांगते."

परत येताना तिच्या लक्षात आलं, की शब्द दिला गेला होता. मोठं काही ठरवल्यासारखं वाटलं नाही. उलट पावलं हलकी पडत होती, बेरीज एकदाची जुळल्यावर वाटतं तसं. चुकलेलं माप तिनं आयुष्यात शेकडो वेळा खोडून दुरुस्त केलं होतं. चूक सापडली म्हणजे पद्धत चालते आहे, हे ती मुलींना फळ्यासमोर उभी राहून सांगत आली होती. आता फळा जरा मोठा होता.

बैठकीच्या सकाळी पाटाच्या तोंडाशी दोन्ही काठांवर माणसं होती. पुढं बायका, मागं पुरुष, आणखी मागं सायकली. कारकून चाकाशी उभा. साहेब गाडीतून उतरून भिंतीच्या सावलीत थांबले होते. मंडळाच्या बैठकीला ते नेहमी येत आणि नेहमी सावलीत थांबत. पाटाच्या तळावर पाऊलभर पाणी साचलेलं होतं, गार आणि गढूळ.

नाना चपला काढून खाली उतरले. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पोटऱ्या वाळल्या लाकडासारख्या. हातात थोरली. तिला नवी शेंबी बसवलेली नव्हती. सकाळी नवऱ्यानं ती हातात घेतली होती आणि नानांनीच म्हटलं होतं, "राहू दे आज."

त्यांनी काठी उचलली आणि आपटली. ठक. काठांवर शांतता झाली. ठक. तिसऱ्या ठोक्याला त्यांचा हात वरच थांबला. कुणीतरी खोकलं. नानांनी काठी खाली आणली, पण आपटली नाही. पाण्यात अलगद टेकवली. पुढच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

"पाणी सुटण्याआधी," वहिनी काठावरून म्हणाली, "आज एक माप जास्तीचं घ्यायचंय. काठीचं."

ती खाली उतरली. पाणी घोट्याला लागलं. तिनं गर्दीवरून नजर फिरवली. तो भट्टीवरून तसाच आला होता, सगळ्यांत मागं, सायकलींच्याही मागं, तांबड्या धुळीच्या टाचा घेऊन. शेजारी त्याची बायको उभी होती. तिनं त्याला आणलं होतं हे तिच्या उभं राहण्यावरून कळत होतं.

"पाटकरी, पुढं या," वहिनी म्हणाली.

"अडीच, जा, तुझा नंबर आला," कुणीतरी म्हणालं आणि दोघं-तिघं हसले. तो हलला नाही. बायकोनं त्याच्या पाठीला हात लावला. मग माणसं बाजूला झाली आणि तो वाट काढत खाली आला. पाण्यात पाय पडल्यावर त्याची बोटं आपोआप पसरली, जुन्या सवयीनं.

वहिनीनं पोलादी पट्टी त्याच्यापुढं धरली. काठी नानांच्या हातात होती. पंधरा वर्षांत ती त्यांच्याशिवाय कुणी पाटात धरली नव्हती, पोटच्या मुलानंही नाही. त्यांनी पाटकऱ्याकडे पाहिलं, मग काठीकडे. आणि दोन्ही हातांवर आडवी घेऊन ती त्याच्यापुढं केली.

"पहिल्या खाचेपासून टोकापर्यंत," ती म्हणाली. "दहा भरायला हवं. मोठ्यानं वाचा."

त्यानं काठी मांडीवर टेकवली, पट्टी लावली, डोळे बारीक केले. विटा वाहून त्याची बोटं जाड झाली होती; पट्टीचं टोक खाचेला लावायला त्याला दोनदा हलवावं लागलं. मग तो तसाच वाकलेला राहिला.

"सात," तो म्हणाला. "सात पूर्णांक सहा."

"कमी किती?"

"दोन पूर्णांक चार." आणि मग, पहिल्यांदाच मान वर करून, "अडीच म्हणतात त्याला."

कुणी हसलं नाही.

वहिनीनं वही आणली होती, पण उघडली नाही. "गेल्या वर्षी इथंच उभी राहून मी आकडे वाचले," ती म्हणाली. आवाज तोच होता, शाळेतला. मागच्या सायकलींपर्यंत गेला. "मी नीट वाचले, पण काठी झिजलेली होती. चार वर्षं झिजत होती. आम्ही साठ म्हणत होतो तेव्हा पाणी साडेसत्तावन्न होतं. शेपटाची अकरा शेतं आमच्या काठीनं वाळवली. ह्या माणसानं पाणी चोरलं नाही. कुणीच चोरलं नाही. त्यानं काठी तपासा म्हटलं होतं, आणि आम्ही तपासली नाही."

काठावर कुजबुज उठली, वाढली. शेपटाकडची बाई तोंडावर पदर धरून उभी होती. कुणीतरी मागून म्हणालं, "आमचा गहू गेला त्याचं काय?" कुणी म्हणालं, "आणि हे लोकांना जाब विचारतात." नाना पाण्यात ताठ उभे होते, मोकळे हात दोन्ही बाजूंना सोडून, काठीशिवाय ते हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

साहेब सावलीतून बाहेर आले. चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण ते फार लांबही नव्हतं. काठाच्या अगदी कडेला येऊन त्यांनी खाली वाकून पाहिलं. "म्हणजे मंडळाचं माप खोटं होतं, असं मंडळच म्हणतंय. बरं झालं, सगळ्यांनी ऐकलं. आता मला एवढंच सांगा, ह्याला जबाबदार कोण? मंडळ म्हणजे कोण? मी कागद कुणाच्या नावानं पाठवू?"

नानांनी तोंड उघडलं. काठावरचा सुतार पुढं सरकला. पाटकरी काठी धरून होता तसाच होता, पण त्याची नजर वहिनीवर होती, वहीवर नव्हे.

तिनं नानांच्या दंडाला हात लावला आणि एक पाऊल पुढं टाकलं. पाणी तिच्या पायांभोवती हललं आणि पुन्हा निवळलं.

"माझ्या," ती म्हणाली. "आजपासून मंडळ मी चालवणार आहे. आधी ह्याचा जाब मला विचारा, साहेब. मग मी तुम्हाला विचारेन."